दमसास वाढतो, तेव्हा उष्मांकांच्या खर्चाचे काय होते?

चंडीमंदिर : शिवालिकच्या पायथ्याशी, पंचकुल्याहून पिंजोरकडे जाणाऱ्या मार्गालगत चंडीमंदिरची लष्करी छावणी आहे. ज्या चंडीदेवीच्या मंदिरावरून चंडीगड शहराला नाव मिळाले, त्याच मंदिराचे नाव या छावणीलाही लाभले. लष्कराच्या वेस्टर्न कमांडचे मुख्यालय येथे आहे. इतर कोणत्याही छावणीप्रमाणे येथेही धावणे हा छंद नसून नोकरीचा भाग आहे. भरतीच्या मैदानावर १.६ किलोमीटर धावून दाखवल्याशिवाय तरुणाला गणवेश मिळत नाही. सेवेत आल्यावर शारीरिक क्षमतेच्या चाचणीत २.४ किलोमीटरची धाव असते, तर युद्धसज्जतेच्या चाचणीत शस्त्र आणि सामान अंगावर घेऊन ५ किलोमीटर अंतर ठरलेल्या वेळेत कापावे लागते.

अशा सरावाने माणसाचा दमसास वाढतो, याविषयी दुमत नाही. मात्र त्यासोबत एक समजूतही रूढ झाली आहे. शरीर एकदा तंदुरुस्त झाले, की ते बसल्या जागीही अधिक उष्मांक खर्च करू लागते आणि मग वजनाची चिंता उरत नाही, असे अनेकांना वाटते. व्यायामशाळांच्या जाहिराती आणि मनगटावरची घड्याळेही याच समजुतीला खतपाणी घालतात. शरीरक्रियाशास्त्राचे उत्तर मात्र वेगळे आहे. वाढलेला दमसास स्वतःहून फारसे उष्मांक खर्च करत नाही. तो अधिक उष्मांक खर्च करण्याची ताकद देतो. ही ताकद वापरायची की नाही, हे माणसाच्या हातात राहते. फरक शब्दांचा वाटला, तरी सेवानिवृत्त जवानापासून कार्यालयात दिवसभर बसणाऱ्या कर्मचाऱ्यापर्यंत अनेकांच्या प्रकृतीचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे.

दिवसभराचा खर्च कुठे होतो?

व्यवहारात ज्याला आपण एक कॅलरी किंवा एक उष्मांक म्हणतो, ती शास्त्राच्या भाषेत एक किलोकॅलरी असते. या लेखात उष्मांक हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे.

शरीराच्या दैनंदिन खर्चाचे तीन मुख्य भाग पडतात. पहिला आणि बहुतेकांच्या बाबतीत सर्वांत मोठा भाग विश्रांतीतील खर्चाचा. माणूस काहीही न करता पडून राहिला, तरी मेंदू, हृदय, यकृत आणि मूत्रपिंडे यांचे काम चालूच असते. या कामासाठी प्रौढ व्यक्तीला ढोबळमानाने दर किलो वजनामागे दर तासाला एक उष्मांक लागतो. या हिशेबाने ७० किलो वजनाच्या माणसाचा खर्च दिवसाला १,६८० उष्मांकांच्या आसपास जातो. दुसरा भाग अन्न पचवण्याचा. तो एकूण खर्चाच्या सुमारे दहा टक्के असतो. तिसरा भाग हालचालीचा. त्यात ठरवून केलेला व्यायाम येतो, तसेच चालणे, उभे राहणे, जिने चढणे, झाडलोट, बाजारहाट अशी सारी कामे येतात. व्यक्तीव्यक्तीमध्ये सर्वाधिक तफावत दिसते ती याच भागात.

ही तफावत किती मोठी असू शकते, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशींवरून लक्षात येते. ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाची गरज तेथे दिवसाला २,११० उष्मांक धरली आहे. मध्यम श्रम करणाऱ्यासाठी हा आकडा २,७१० आणि अतिश्रम करणाऱ्यासाठी ३,४७० आहे. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे अनुक्रमे १,६६०, २,१३० आणि २,७२० आहेत. वजन तेच असूनही केवळ श्रमांच्या फरकाने पुरुषाच्या गरजेत १,३६० उष्मांकांचे अंतर पडते. हे अंतर दिवसभरात प्रत्यक्ष होणाऱ्या हालचालीचे आहे. कोणाची छाती किती कमावलेली आहे, याचा त्यात हिशेब नाही.

दमसास म्हणजे नेमके काय?

ज्याला मराठीत दमसास म्हणतात, त्याचे शास्त्रीय माप म्हणजे शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता. पूर्ण जोर लावून धावताना शरीर दर मिनिटाला, दर किलो वजनामागे किती मिलिलिटर प्राणवायू वापरू शकते, यावर ती मोजतात. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९२० च्या दशकात धावणाऱ्यांचा श्वास गोळा करून ही मर्यादा प्रथम मांडली. हिल यांना स्नायूंतील उष्णतेवरील संशोधनासाठी १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. पुढे अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये बारा मिनिटांच्या धावेची सोपी चाचणी प्रसिद्ध केली. बारा मिनिटांत जितके अंतर अधिक, तितकी क्षमता अधिक, असे तिचे सूत्र होते. प्रयोगशाळेतले माप त्यामुळे सैनिकांच्या मैदानावर आले.

नियमित सरावाने ही क्षमता वाढण्याचे मुख्य कारण हृदयात असते. विश्रांतीत शरीराला दर मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त लागते. सराव नसलेले हृदय एका ठोक्यात सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलत असेल, तर त्याला मिनिटाला ७२ ठोके द्यावे लागतात. सरावाने तेच हृदय एका ठोक्यात १०० मिलिलिटर रक्त ढकलू लागले, तर ५० ठोक्यांत काम भागते. यासोबत रक्ताचे प्रमाण वाढते, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींतील ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांची संख्या वाढते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ठोके कमी झाले, तरी शरीराला लागणारे रक्त तेच पाच लिटर राहिले. विश्रांतीतील गरज बदलली नाही. ती भागवणारे यंत्र अधिक कार्यक्षम झाले.

पाच किलोमीटरचे गणित

शरीर एक लिटर प्राणवायू वापरते, तेव्हा सुमारे पाच उष्मांक खर्च होतात. सपाट जमिनीवर धावण्याचा खर्च साधारणपणे दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला एक उष्मांक येतो. म्हणजे ७० किलो वजनाचा माणूस ५ किलोमीटर धावला, तर जवळपास ३५० उष्मांक खर्च होतात. हे अंतर त्याने २५ मिनिटांत कापले काय किंवा ३५ मिनिटांत कापले काय, एकूण खर्चात फारसा फरक पडत नाही.

अनेकांचा गोंधळ नेमका येथेच होतो. नव्याने धावू लागलेला माणूस ५ किलोमीटर संपेपर्यंत घामाघूम होतो, त्याच्या छातीचा भाता होतो. सहा महिन्यांनी तेच अंतर तो बोलत बोलत पार करतो. आता श्रम कमी वाटतात, तेव्हा खर्चही निम्म्यावर आला असेल, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याचे वजन तेच असेल, तर खर्चही जवळपास तोच असतो. धावण्याची लकब सुधारल्याने त्यात थोडी बचत होते, इतकेच. घाम आणि धाप हे शरीरावर पडलेल्या ताणाचे माप आहे, खर्चाचे नव्हे.

खर्चात खरी घट होते ती वजन उतरल्यावर. ७० किलोचा माणूस ६३ किलोवर आला, तर तेच ५ किलोमीटर त्याला ३५० ऐवजी सुमारे ३१५ उष्मांकांत पडतात. पाठीवर ओझे असेल, तर उलट खर्च वाढतो. कारण पायांना ते वजनही वाहावे लागते.

बसल्या जागी किती?

व्यायामाने स्नायू वाढतात आणि ते चोवीस तास उष्मांक खर्च करतात, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो चुकीचा नाही, पण त्यातील आकडा फार लहान आहे. विश्रांतीत एक किलो स्नायू दिवसाला सुमारे १३ उष्मांक खर्च करतो, तर एक किलो चरबी साडेचार. दोन किलो स्नायू कमावणे ही अनेक महिन्यांची तपश्चर्या असते. तिचे फळ दिवसाला २६ उष्मांक, म्हणजे पोळीचा एक चतकोर. शिवाय धावण्यासारख्या सरावाने स्नायूंचा आकार फारसा वाढतही नाही. विश्रांतीतील खर्चाचा मोठा वाटा मेंदू, यकृत, हृदय आणि मूत्रपिंडे यांचा असतो. शरीराच्या वजनात या अवयवांचा हिस्सा जेमतेम पाच-सहा टक्के असला, तरी खर्चात तो साठ टक्क्यांच्या घरात जातो.

व्यायाम संपल्यानंतरही काही काळ शरीर अधिक प्राणवायू वापरत राहते, हेही खरे आहे. शरीराचे तापमान पूर्वपदावर आणणे, स्नायूंतील इंधनाचा साठा पुन्हा भरणे अशी कामे त्या वेळी चालू असतात. मात्र हा उरलेला खर्च मूळ व्यायामाच्या साधारण ६ ते १५ टक्केच असतो. ३५० उष्मांकांच्या धावेमागे २० ते ५० उष्मांक, असा हा हिशेब आहे.

तंदुरुस्त शरीरात आणखी एक बदल होतो. त्याच वेगाने चालताना किंवा धावताना ते साखरेपेक्षा चरबीचा वापर अधिक करू लागते. हा बदल आरोग्यास हितकारक आहे. परंतु त्याने इंधनाचा प्रकार बदलतो, एकूण खर्च नाही.

घड्याळाची गफलत

मनगटी घड्याळे उष्मांकांचा आकडा थेट मोजत नाहीत. हृदयाचे ठोके, हालचाल, वय आणि वजन यांवरून ती अंदाज बांधतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये अशा सात उपकरणांची तपासणी केली. ठोके मोजण्यात त्यांपैकी सहा उपकरणांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. उष्मांकांच्या बाबतीत मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी, तर सर्वांत सदोष उपकरण ९३ टक्क्यांनी चुकले.

दमसास वाढत असताना हा आकडा अधिकच फसवा ठरू शकतो. सरावाने त्याच वेगाला कमी ठोके पुरतात. केवळ ठोक्यांवर विसंबणारे उपकरण त्यावरून खर्च घटल्याचे सांगते आणि माणूस निराश होतो. एखादे उपकरण उलट खर्च फुगवून सांगते आणि माणूस त्या भरवशावर न्याहारीत दोन घास जास्त घेतो. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढण्यापेक्षा काही महिन्यांत त्याच वेगाला लागणारे ठोके कमी होत आहेत का, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते. ते कमी होत असतील, तर दमसास वाढल्याची ती खूण आहे.

शरीराची काटकसर

व्यायामाने वाढवलेला खर्च दिवसाच्या एकूण खर्चात जसाच्या तसा जमा होतो, असेही नाही. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातील हाडझा या शिकारी व अन्नसंकलक समाजाचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. हाडझा लोक रोज मैलोगणती चालतात, कंदमुळे खणतात. तरीही शरीराच्या आकारमानाचा विचार करता त्यांचा दिवसाचा एकूण खर्च पाश्चात्त्य देशांतील बैठी जीवनशैली असलेल्या लोकांइतकाच निघाला. शरीर इतरत्र बचत करून एकूण खर्च एका मर्यादेत ठेवण्याचा प्रयत्न करते, असा अर्थ त्यातून पुढे आला.

या बचतीचे प्रमाण २०२१ मधील एका अभ्यासाने मांडले. १,७५४ प्रौढांच्या नोंदी तपासल्यावर असे आढळले, की हालचालीत खर्च झालेल्या जादा १०० उष्मांकांपैकी सरासरी ७२ च दिवसाच्या एकूण खर्चात दिसतात. उरलेले २८ शरीर अन्यत्र वाचवते. ज्यांच्या अंगात चरबी अधिक, त्यांच्यात ही बचतही अधिक दिसली. ३५० उष्मांकांच्या धावेचे उदाहरण घेतले, तर त्यातून आधी त्या वेळेतील विश्रांतीचा खर्च वजा करावा लागतो आणि नंतर ही बचत. हाती निव्वळ वाढ उरते ती सुमारे सव्वादोनशे उष्मांकांची. एक वडापाव खाल्ला, की ती भरून निघते. केवळ धावण्यावर विसंबून वजन उतरवू पाहणाऱ्यांच्या पदरी अनेकदा निराशा का पडते, याचे उत्तर या वजाबाकीत आहे.

मग लाभ कोणता?

दमसासाचा खरा लाभ कळण्यासाठी जिन्याचे उदाहरण घ्यावे. झपाझप जिना चढताना विश्रांतीच्या सुमारे आठपट ऊर्जा लागते. विश्रांतीत दर किलोमागे दर मिनिटाला साडेतीन मिलिलिटर प्राणवायू पुरतो. म्हणजे जिन्यासाठी २८ मिलिलिटर हवा. ज्याची कमाल क्षमताच २८ आहे, त्याच्यासाठी जिना ही सर्वस्व पणाला लावण्याची गोष्ट ठरते. तो सहसा लिफ्टकडे वळतो. ज्याची क्षमता ४२ आहे, त्याला तोच जिना दोन तृतीयांश ताकदीत चढता येतो. जिन्याचा खर्च दोघांनाही सारखाच. पण एक तो करतो आणि दुसरा टाळतो. दिवसभरात असे टाळण्याचे किंवा न टाळण्याचे प्रसंग अनेकदा येतात.

व्यायामाच्या तासाचेही तसेच आहे. ७० किलो वजनाचे दोन पुरुष आपापल्या कमाल क्षमतेच्या ६५ टक्के जोर लावून तासभर धावले किंवा चालले, असे मानू. २८ क्षमतेचा पुरुष त्या तासात सुमारे ३८० उष्मांक खर्च करील, तर ४२ क्षमतेचा सुमारे ५७०. दोघांना वाटणारा शीण मात्र जवळपास सारखाच असेल. या १९० उष्मांकांच्या फरकाला दमसासाची खरी कमाई म्हणता येईल. ती मिळते ती धावण्याच्या तासात, झोपेच्या तासांत नव्हे.

ठरवून केलेल्या व्यायामाबाहेरची हालचाल किती महत्त्वाची असते, हे मेयो क्लिनिकच्या १९९९ मधील प्रयोगाने दाखवले. सोळा जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा एक हजार उष्मांक अधिक खाऊ घातले. कोणाच्या अंगावर अर्धा किलोहूनही कमी चरबी चढली, तर कोणाच्या अंगावर चार किलोहून अधिक. ज्यांची उठबस, चालणे-फिरणे आणि चुळबुळ आपोआप वाढली, त्यांच्यात चरबी कमी साठली.

सैन्यदलातील एका मराठी धावपटूचा प्रवासही या दृष्टीने बोलका आहे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये दाखल झाले. सियाचीन, राजस्थान आणि सिक्कीम येथील सेवेनंतर ते लष्कराच्या क्रॉसकंट्री संघाकडे वळले. मधल्या काळात वाढलेले सुमारे २० किलो वजन त्यांनी तीन महिन्यांत उतरवल्याचे सांगितले जाते. पुढे ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. २०२४ मध्ये पॅरिस येथे ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम त्यांच्या नावावर लागला.

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक असतात. २० किलो चरबी ९० दिवसांत उतरवायची, तर रोज १,७०० उष्मांकांची तूट हवी. विश्रांतीतील चयापचय वाढून एवढी तूट कधीच पडत नाही. ६५ किलोचा धावपटू रोज २० किलोमीटर धावला, तर त्याचे १,३०० उष्मांक खर्च होतात. उरलेली तूट आहारातून काढावी लागते. रोज २० किलोमीटर धावणे सर्वसामान्य माणसाला झेपणारे नाही आणि त्याने तसा प्रयत्न करूही नये. हे अंतर शक्य करतो तो वर्षानुवर्षे कमावलेला दमसास. उष्मांक मात्र अंतरानेच खर्च होतात.

सेवा संपते तेव्हा

या साऱ्या हिशेबाची खरी कसोटी लागते ती सराव थांबल्यावर. लष्करातील बहुसंख्य जवान चाळिशीच्या आसपास सेवानिवृत्त होतात. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार तर बहुतेक अग्निवीर चार वर्षांनी, ऐन पंचविशीच्या आत-बाहेर घरी परततील. रोजची कवायत, धाव आणि मैदानावरचे खेळ एकाएकी थांबतात. भूक आणि ताटातील वाढप मात्र छावणीतल्या सवयीचीच राहते. मध्यम श्रमांवरून बैठ्या कामावर आल्यास पोषण संस्थेच्या हिशेबाने दिवसाची गरज ६०० उष्मांकांनी घटते. पूर्वीचा व्यायाम अंगात मुरलेला आहे, तो आयुष्यभर पुरेल, या भरवशावर पोट सुटत जाते.

दमसास साठवून ठेवता येत नाही, हे अमेरिकेतील डॅलस येथील एका प्रसिद्ध प्रयोगाने दाखवून दिले. १९६६ मध्ये पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. तेवढ्यात त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या क्षमतेची जेवढी हानी केली होती, तिच्याहून त्या तीन आठवड्यांची हानी मोठी ठरली. याच कथेची दुसरी बाजू आशादायक आहे. पन्नाशीतील या पाच जणांनी सहा महिने बेताचा सराव केला, तेव्हा वयाने हिरावलेली क्षमता त्यांनी परत मिळवली.

चाळिशीनंतर वाढणाऱ्या वजनाचा दोष अनेकदा मंदावलेल्या चयापचयाला दिला जातो. २०२१ मध्ये २९ देशांतील सुमारे ६,४०० व्यक्तींच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासाने या समजुतीलाही धक्का दिला. शरीराच्या आकारमानाचा हिशेब केल्यास ऊर्जाखर्च वयाच्या विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत जवळपास स्थिर राहतो. त्यानंतर तो वर्षाला सुमारे ०.७ टक्क्यांनी उतरतो. चाळिशीत चयापचय मंदावत नाही, पाय मंदावतात.

भारतीयांनी हा धडा अधिक गांभीर्याने घ्यायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचे आपलेच उदाहरण २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. दोघांचाही उंची-वजन निर्देशांक २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. वजनकाट्याला जे दिसत नाही, ते भारतीय शरीरात दडलेले असू शकते, हे या उदाहरणाने जगाला दाखवले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. २०२४ मधील एका जागतिक अभ्यासाच्या अंदाजानुसार पुरेशी हालचाल न करणाऱ्या भारतीय प्रौढांचे प्रमाण २००० मधील २२ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ४९ टक्क्यांवर पोहोचले. स्त्रियांत ते ५७ टक्के, तर पुरुषांत ४२ टक्के होते.

वजनाच्या पलीकडे

उष्मांकांचा हिशेब अपेक्षेपेक्षा लहान निघाला, म्हणून दमसासाचे मोल कमी होत नाही. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकने १,२२,००७ रुग्णांच्या ट्रेडमिल चाचण्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. क्षमता जितकी अधिक, तितका मृत्यूचा धोका कमी, असे त्यात आढळले. हा संबंध वजनापुरता मर्यादित नव्हता. वजन तसूभरही न हलता दमसास वाढला, तरी रक्तदाब, रक्तातील साखर आणि हृदय यांना त्याचा लाभ होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम करावा. त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. चालताना बोलता येते, पण गाता येत नाही, असा वेग मध्यम समजावा. वीस आठवड्यांच्या नियमित सरावाने बैठ्या माणसांची क्षमता सरासरी पंधरा ते वीस टक्के वाढू शकते. मात्र ही वाढ व्यक्तीगणिक फार वेगवेगळी असते. त्यामुळे शेजाऱ्याच्या प्रगतीशी तुलना करण्यात अर्थ नाही. छातीत दुखणे, चक्कर, वाजवीपेक्षा अधिक धाप अशी लक्षणे असणाऱ्यांनी, तसेच हृदयविकार किंवा मधुमेह असणाऱ्यांनी जोमदार व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

वजन उतरवायचे असेल, तर ताटाकडे लक्ष देणे अपरिहार्य आहे. उतरलेले वजन टिकवायचे असेल, तर रोजची हालचाल अपरिहार्य आहे. ती हालचाल ओझे न वाटता आयुष्यभर करता यावी, यासाठी दमसास हवा. धावपट्टीवरचा जवान आणि कार्यालयातील कर्मचारी यांना शरीराचा हा नियम सारखाच लागू आहे. दमसास वाढला, की खर्च करण्याची ऐपत वाढते; प्रत्यक्ष खर्च मात्र दररोज पायांनाच करावा लागतो.